आठवीत किती होते ते पण सांगा

दहावीचा निकाल लागला की गोव्यात आमच्या वास्कोत शाळांच्या गेटवर बॅनर लागायला वेळ लागत नाही. शंभर टक्के निकाल, डिस्टिंक्शनवाले इतके, पहिल्या तिघांचे फोटो, कोपऱ्यात मॅनेजमेंटच्या चेअरमनचा फोटो आणि शाळेचं वजन असेल तर आमदारांचाही. मग मांगोरहिल, बायणा, नवेवाडे, सडा इथले आईबाप त्या बॅनरवरून ठरवून टाकतात की हे हायस्कूल चांगलं, ते बरं आणि सरकारी हायस्कूल म्हणजे कुठेच अ‍ॅडमिशन मिळाली नाही तर जायची जागा. माझं म्हणणं एवढंच आहे की एकाच भागातल्या हायस्कुलांची तुलना जरूर करा, व्हायलाच पाहिजे, कारण ती आपल्याच टॅक्सवर चालतात, पण ज्या आकड्यावरून आपण ती करतो तो आकडा शाळा काय शिकवते हे सांगतच नाही. शाळेने कोणाला आत घेतलं आणि वाटेत कोणाला बाहेर काढलं, निम्मं तर तेच असतं त्यात.

आधी निकालाचंच घ्या. गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल २०२३ ला ९६.६४ टक्के लागला, २०२४ ला ९२.३८ आणि २०२५ ला ९५.३५. २०२१ ला कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी दिलेल्या अंतर्गत मार्कांवर निकाल लावला, तो ९९.७२ टक्के (म्हणजे परीक्षा घेणं आणि न घेणं यातला फरक किती ते बघून घ्या). जिथे अख्ख्या राज्यात शंभरातली नव्वदहून जास्त पोरं पास होतायत तिथे एका शाळेचे शंभर आणि दुसरीचे चौऱ्याण्णव यात पन्नासच्या वर्गात तीन पोरांचा फरक पडतो. तीन पोरं. त्यातलं एखादं आजारी असेल, एखाद्याचे वडील बंदरावरचं काम सुटलं म्हणून घरी बसलेले असतील, एखाद्याला गणित खरंच जमत नसेल. आणि एवढ्यावर आपण शाळेची अब्रू ठरवतो.

पण ही तीन पोरं तरी परीक्षेला बसली. जी बसलीच नाहीत त्यांचं काय? ते कुठल्याच बॅनरवर येत नाही.

आठवीपर्यंत मुलाला नापास करायचं नाही असं शिक्षण हक्क कायद्यात होतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत राज्यांना थोडी सूट मिळाली, पण कात्री खरी चालते ती नववीत. दहावीचा निकाल बोर्ड लावतं, नववीचा मात्र शाळा, त्यामुळे दहावीला कोण बसणार हे शाळा नववीतच ठरवू शकते. आमच्या शेजारच्या एका बाईंना शाळेत बोलावून सांगितलं की तुमचा मुलगा नववीत अडकलाय, इथेच ठेवला तर वर्ष जाईल, दाखला न्यायला तयार असाल तर आम्ही वर ढकलतो, दहावी दुसरीकडे करा नाहीतर ओपन स्कूलमधून बसवा. बाई बिचाऱ्या खूश होऊन घरी आल्या, पोराचं वर्ष वाचलं म्हणून. मुलगा गेला जवळच्या सरकारी हायस्कुलात. पहिल्या शाळेच्या हिशेबातून तो पुसला गेला आणि दुसऱ्या शाळेच्या हिशेबात एक कच्चा मुलगा वाढला. नंतर दोन्ही शाळांचे टक्के बाजूबाजूला ठेवून लोक म्हणतात, बघा, सरकारी ते सरकारीच.

आकडे घालून बघू, उदाहरणापुरते. एका शाळेत आठवीत ६० मुलं होती, दोन वर्षांनी दहावीला बसली ४५ आणि सगळी पास. निकाल शंभर टक्के. शेजारच्या शाळेत आठवीत ४० होती, इकडून तिकडून ढकललेली येऊन दहावीला झाली ४४, त्यातली ४० पास. निकाल ९१ टक्के. आता सांगा कुठल्या शाळेने जास्त काम केलं? मला तरी दुसरीच्या टीचर्सना शाल-नारळ द्यावासा वाटतो. पण वर्तमानपत्रात शंभर टक्केवाल्या शाळांची यादी येते, त्यात त्या नसणार.

ही माहिती सरकारकडे नाही असं समजू नका. देशातल्या प्रत्येक शाळेला ११ आकडी यू-डायस कोड आहे, दरवर्षी शाळा त्यात कुठल्या इयत्तेत किती मुलं, टीचर किती, संडास किती, सगळं भरून देतात, आणि शाळेचं रिपोर्ट कार्ड कोणालाही उघडून बघता येतं. फक्त ते असं मांडलेलं असतं की सामान्य आईबापांना त्यातून काही उमगू नये. एका वर्षाची आठवी आणि दोन वर्षांनंतरची दहावी बाजूबाजूला ठेवा म्हणजे शाळेचं चरित्र अर्धं वाचून होतं. हे काम शिक्षण खात्याने पर्वरीत बसून एका दुपारी करायचं आहे, त्याला कुठली समिती नको की कन्सल्टंट नको. केंद्राची ‘परख’ची चाचणी ४ डिसेंबर २०२४ ला झाली, तिसरी, सहावी आणि नववीची, पण ती नमुना चाचणी, त्यातून राज्याचं कळतं, जिल्ह्याचं कळतं, बायण्याच्या हायस्कुलाचं नाही. आणि आपल्याला तर बायण्याचंच कळायला हवंय.

आता पाचवीकडे येतो, कारण नववीत जे होतं त्याचं मूळ तिथे आहे.

गोव्यात चौथीपर्यंत प्राथमिक आणि पाचवीपासून हायस्कूल अशी जुनी घडी आहे. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी नाहीतर कोंकणी, वास्कोच्या बाजूला कन्नड आणि उर्दूही आहेत. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी ज्या मराठी शाळा निघाल्या त्यातून आमच्या आईबापांची अख्खी पिढी शिकली, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण हायस्कुलं जवळजवळ सगळी इंग्रजी. म्हणजे चौथीपर्यंत अंश आणि छेद शिकलेलं पोर पाचवीत जातं आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर बघतं. दहा वर्षांचं पोर ते. त्याला गणित येत असतं, पण प्रश्न काय विचारलाय तेच कळत नाही, आणि हळूहळू घरचे आणि टीचर दोघांचंही मत होतं की ह्याला गणित येत नाही.

बरं, हा धक्का सगळ्या हायस्कुलांना सारखा बसतो का? नाही बसत. ज्या अनुदानित हायस्कुलांची स्वतःची केजी आणि प्राथमिक आहे त्यांची पाचवी त्यांच्याच चौथीने भरते, आणि ती चौथी इंग्रजी असेल तर त्यांच्याकडे हा प्रश्नच उरत नाही. राहिलेल्या पाच-सहा जागांसाठी बाहेरून कोण येणार ते इंटरव्ह्यूवर ठरतं. कायद्याने इंटरव्ह्यू बंद आहे म्हणून त्याला आता ‘पालकांशी संवाद’ म्हणतात, पण आईला इंग्रजी येतं का आणि वडील काय करतात एवढंच त्यात विचारायचं असतं. मराठी, कन्नड, उर्दू प्राथमिकमधून आलेली बाकी सगळी पोरं कुठे जातात? वाड्यावरच्या सरकारी हायस्कुलात. तिथे एका वर्गात घरी पाच भाषा बोलणारी पोरं असतात, आणि पाचवी-सहावीची दोन वर्षं टीचर सायन्स शिकवत शिकवत खरं तर इंग्रजी शिकवत असते, कोंकणीतून, हिंदीतून, हातवारे करून. या दोन वर्षांच्या कामाचा मार्क कुठल्याच निकालात पडत नाही. दहावीला ही पोरं ५५ टक्क्यांनी पास झाली तर ती शाळा सामान्य, आणि केजीपासून इंग्रजीत वाढलेलं, ट्यूशन लावलेलं पोर ८५ टक्क्यांनी पास झालं तर ती शाळा थोर. हायस्कुलांची शर्यत खरी केजीच्या फॉर्मच्या लाइनीतच संपलेली असते.

भाषेचा विषय निघाला म्हणून एक बाजूचं बोलून घेतो. १९९० च्या सुमाराला प्राथमिकला अनुदान पाहिजे तर माध्यम मराठी किंवा कोंकणी असं धोरण झालं होतं, २०११ ला दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिकलाही ते द्यायचं ठरवलं, २०१२ ला पर्रीकर आले तरी चालूच राहिलं, आणि त्यावरून भारतीय भाषा सुरक्षा मंचाने २०१६ पर्यंत जे रान उठवलं ते सगळ्यांना आठवत असेल. मी तेव्हाही मातृभाषेच्या बाजूने होतो, आजही आहे. पण त्या सगळ्या गदारोळात पाचवीच्या त्या उडीबद्दल कोणी बोललं नाही. मराठीतून चौथी शिका म्हणायचं आणि पाचवीत पोराला इंग्रजीच्या विहिरीत ढकलून वर उभं राहून बघायचं, याला मातृभाषेचं प्रेम कसं म्हणायचं? आणि आपल्यातल्या किती जणांनी सभेत मराठीची भाषणं ठोकून स्वतःच्या नातवंडांची अ‍ॅडमिशन कुठे घेतली, ते वास्को लहान गाव आहे, सगळ्यांना सगळं माहीत असतं.

आता कोणी म्हणेल अनुदानित शाळा खाजगी आहेत, त्यांनी कोणाला घ्यायचं तो त्यांचा प्रश्न. इथे मात्र मी अडून बसणार. अनुदानित शाळेतल्या टीचरचा पगार सरकार देतं, क्लार्कचा देतं, शाळा चालवायचा खर्च देतं. मुलांना आणायला बालरथ, म्हणजे शाळेची बस, देतं, आणि हा बालरथ नवेवाड्यातल्या सरकारी हायस्कुलाच्या गेटवरून पोरं गोळा करत पुढे जातो ही यातली खास गोव्याची गंमत आहे. पैसा जनतेचा आहे, मॅनेजमेंट फक्त खाजगी. मग शाळेचा हिशेब जनतेला द्यायला काय हरकत आहे? १९८४ चा गोव्याचा शालेय शिक्षण कायदा आणि १९८६ चे नियम अनुदानित शाळांना बारीकसारीक गोष्टींसाठी बांधून ठेवतात, टीचरच्या रजेपासून सगळं. त्यात ‘पाचवीत घेतलेली मुलं कुठून आली आणि त्यातली किती दहावीपर्यंत टिकली ते दरवर्षी जाहीर करावं’ एवढी एक ओळ घालायला आकाश कोसळणार नाही.

अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा येणार, येऊ दे. घटनेच्या कलम ३० ने त्यांना आपल्या संस्था चालवायचा हक्क दिलाय आणि २०१४ ला सुप्रीम कोर्टाने प्रमती खटल्यात त्यांना शिक्षण हक्क कायद्यातून बाहेर ठेवलं, अनुदानित असल्या तरी. तो हक्क राहू दे, मला त्यावर वाद घालायचा नाही, आणि गोव्यात चर्चच्या शाळांनी जे काम केलंय ते नाकारणारा माणूस खोटं बोलतो, आमच्या कितीतरी मराठी घरांतल्या बायका कॉन्वेंटमध्ये शिकूनच नोकरीला लागल्या. पण त्याच घटनेत कलम २९(२) पण आहे, सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत धर्म, वंश, जात किंवा भाषा एवढ्याच कारणावरून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही असं ते सांगतं. भाषा पण आहे त्यात, ते लक्षात ठेवा. आणि आकडे जाहीर करा म्हणण्याने कुठला हक्क जातो? शिवाय आपल्या हिंदू सोसायट्यांच्या शाळांना तर हे कलम ३० चं धार्मिक छत्र नाहीच, तरी नववीची कात्री तिथेही तेवढीच धारदार चालते. तेव्हा हे पाद्र्यांवर ढकलून मोकळं व्हायचं काम नाही.

सरकारी हायस्कुलांची मी वकिली करतोय असं वाटत असेल तर थांबा. तिथली दुखणी खरी आहेत आणि निम्मी सरकारने स्वतः लावून घेतलेली आहेत. टीचर लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासावर पैसे, पुढच्या वर्षी असेल की नाही त्याचा भरवसा नाही, मग पाचवीच्या पोरांचं इंग्रजी सहावीत कोण पुढे नेणार? हेडमास्तरची जागा रिकामी म्हणून कोणीतरी इन्चार्ज, इन्चार्ज म्हणजे सह्या करायचे हात पण निर्णय घ्यायची ताकद नाही. निवडणूक आली की टीचर बूथवर. गेली काही वर्षं कोडिंग-रोबोटिक्सची योजना आली, लॅब आल्या, उद्घाटनं झाली, चांगली गोष्ट आहे, पण सातवीतल्या पोराला इंग्रजीतला उतारा वाचता येत नसेल तर ते रोबोट बनवून त्याला काय सांगणार? आणि सगळ्यात बोलकं काय, तर सरकारी हायस्कुलातल्या किती टीचर्सची स्वतःची मुलं सरकारी हायस्कुलात आहेत ते एकदा विचारून बघा. मी विचारलंय. विषय बदलतात.

माझ्या मते भागातल्या हायस्कुलांची तुलना करायला चार गोष्टी पुरेत. पाचवीत आलेली मुलं कुठल्या प्राथमिकमधून आली. आठवीतल्या शंभरातली किती दोन वर्षांनी त्याच शाळेतून दहावीला बसली. स्पेशल गरजा असलेली मुलं किती घेतली आणि त्यांच्यासाठी स्पेशल टीचर आहे की नुसती रॅम्प आहे (पणजीत २०२३ पासून दिव्यांगांचा पर्पल फेस्ट दणक्यात होतो, सगळे फोटो काढतात, पण अशा मुलाची अ‍ॅडमिशन मागायला गेलं की किती शाळा ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून सरकारी शाळेकडे बोट दाखवतात ते त्या आईबापांना विचारा). आणि दहावीनंतर एका वर्षाने मुलं कुठे आहेत, अकरावीत, आयटीआयला, की घरी. ही चौथी गोष्ट मला निकालापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण ५० टक्के घेऊन वास्कोच्या आयटीआयमधून फिटर झालेला मुलगा शिपयार्डात लागतो, आणि त्याला दहावीपर्यंत धरून ठेवणारी शाळा कुठल्याच यादीत येत नाही.

एक आक्षेप मात्र मी मनावर घेतो. लोक म्हणतात असे आकडे बाहेर आले की कमकुवत शाळा आणखी बदनाम होतील, राहिलेली मुलंही जातील, शेवटी शाळा बंद पडेल. प्राथमिकमध्ये आपण हे बघितलंच आहे, पट दहाच्या खाली गेला की शाळा विलीनीकरणाची भाषा सुरू होते. पण बदनामी आजही चालूच आहे, फक्त ती ऐकीव आहे, सासऱ्याने सांगितलं, ऑफिसातल्या बाईने सांगितलं, बालरथच्या ड्रायव्हरने सांगितलं. मुलं गेलीच आहेत. ज्यांना झेपतं ते सीबीएसईला गेले, नेव्हीवाले केंद्रीय विद्यालयात असतातच. खऱ्या आकड्यांनी नुकसान झालंच तर ज्यांचं नाव नववीच्या कात्रीवर उभं आहे त्यांचं होईल. म्हणून तर विरोध तिकडूनच येणार, माझी खात्री आहे.

पण आकडे टांगून भागत नाही हेही खरं, कारण आईबापांना कळलं तरी जागा नसेल तर काय उपयोग. म्हणून दुसरी मागणी. अनुदानित हायस्कुलांनी पाचवीतल्या काही जागा, मी म्हणेन चारातली एक, आजूबाजूच्या सरकारी प्राथमिकमधून येणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवायच्या. अल्पसंख्याक संस्थांना सक्ती करता येत नसेल तर त्यांना स्वेच्छेने करू दे, जी शाळा करेल तिला त्या मुलांच्या इंग्रजीसाठी एक जास्तीचा टीचर सरकारने द्यावा, पर्मनंट, लेक्चर बेसिसवर नाही. तोच टीचर सरकारी हायस्कुलांना तर कुठल्याही अटीशिवाय आधी द्यावा. मग पाच वर्षांनी दोन्हीकडची पोरं बाजूबाजूला ठेवून बघू, तेव्हा कुठे चांगली शाळा कोणती ते खरं कळायला लागेल, कारण तेव्हा दोघांच्या हातात सारखाच माल असेल.

या जागा भरायच्या चिठ्ठ्या टाकून. इंटरव्ह्यू नाही, देणगी नाही, बिल्डिंग फंडाची पावती नाही. पहिल्या वर्षी गोंधळ होणार, नगरसेवकाचा फोन येणार, आमदारांच्या पीएचा येणार, कोणीतरी मांगोरहिलचा पत्ता दाखवायला भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट करून आणणार. म्हणून चिठ्ठी काढायची ती शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या पालकांसमोर, भागशिक्षणाधिकारी समोर खुर्ची टाकून बसलेले, आणि निघालेली नावं तिथल्या तिथे फळ्यावर लिहायची, वेटिंग लिस्टसकट.